बंद पडलेल्या मालिकांचे उरलेले भाग

1. मालिका संपली की संपवली, हे आधी ओळखावं. वर्षभर जपलेलं गुपित एका प्रसंगात फुटतं, खलनायिका दोन भागांत पाया पडते, मध्येच ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी येते: ती संपवलेली. संपवण्याचं कारण बहुधा टीआरपी; त्याचे आकडे दर गुरुवारी येतात. 2020च्या सुमारास देशभरातल्या जेमतेम 44,000 घरांतल्या मीटरवर ते ठरत. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोपासून पैठणपर्यंतच्या माझ्या गोतावळ्यात असं घर एकही नाही. त्यामुळे कमी टीआरपीची मालिका वाईटच, हे मी मानत नाही.

2. बँकेतले भाग निरखून पाहावेत. बँक म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. बंद करण्याचा निरोप येतो तेव्हा ते तयार असतात, म्हणून जुन्याच संथ चालीने जातात. त्यानंतरचे धावत सुटतात. दोन्हींमधला सांधा सापडला की लेखकाला मुळात कुठे जायचं होतं ते कळतं.

मला मात्र या शेवटच्या भागांत धरून ठेवतात ती छोट्या भूमिकांतली माणसं. एरवी चहाचा ट्रे आणणारी वहिनी, दारात उभा राहणारा हवालदार. गोष्ट आवरताना त्यांच्याही वाट्याला एखादं पूर्ण वाक्य येतं आणि ती ते जीव ओतून बोलतात. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून संदीप पाठकांसारखे नट मुंबईला गेले, अजूनही मुलं जातात. मालिकेत मानधन दिवसावर ठरतं आणि बहुधा 90 दिवसांनी हाती येतं. आपण शेवटचा भाग पाहतो तेव्हा सेट उतरलेला असतो आणि ही मुलं पुन्हा ऑडिशनच्या रांगेत असतात. म्हणून श्रेयनामावलीतली नावं मी थांबवून वाचते.

3. क्रम तपासावा. अमेरिकेत फॉक्स वाहिनीने 2002मध्ये ‘फायरफ्लाय’चा पहिला भाग सगळ्यात शेवटी दाखवला आणि 14पैकी तीन दाखवलेच नाहीत. ते डीव्हीडीवर आले तेव्हा कुठे लोकांना मालिका नीट कळली.

4. दुसरं पर्व अर्ध्यात आटोपलं असेल, तर पहिलं आधी पाहावं. ‘अग्निहोत्र’ 2008मध्ये सुरू झालं तेव्हा मराठवाड्यात भारनियमन होतं, कितीतरी भाग अंधारात गेले. नाशिकचा वाडा, आठ गणपती, विक्रम गोखले, विनय आपटे, हे सगळं पुढे अ‍ॅपवर सलग पाहिलं आणि मग ‘अग्निहोत्र 2’ लावलं. 2019च्या डिसेंबरात आलेलं हे पर्व काही महिन्यांतच संपलं. एकटं पाहिलं असतं तर तुटक वाटलं असतं.

5. शेवटच नसलेल्या मालिकाही पाहाव्यात. मार्च 2020मध्ये कोविडमुळे चित्रीकरणं थांबली आणि मे महिन्यात ‘बेहद 2’, ‘पटियाला बेब्स’, ‘इशारों इशारों में’ या मालिका शेवट न दाखवताच बंद झाल्या. ‘पटियाला बेब्स’ पाहणारी आई विचारत राहिली, ‘‘मग त्या मिनीचं पुढं काय झालं गं?’’ त्या उन्हाळ्यात गच्चीवर बसून आम्ही दोघींनी मिनीची पुढची गोष्ट रचली. आईचा शेवट माझ्यापेक्षा सरस होता.

6. मिळतंय तोवर पाहावं. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेपा महाग होत्या, एकीवरचं पुसून दुसरं भरलं जाई. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंचे आज फार थोडे भाग उरलेत. अ‍ॅपवरूनही मालिका न सांगता जातात. म्हणून आवडती मालिका बंद होणार अशी बातमी आली, की तिचे राहिलेले भाग मी त्याच आठवड्यात पाहून घेते.