वेस्टगेटशी खोटं बोलण्याआधी

भाचेबुवा,

तुझ्या आईचा फोन आला होता. "दादा, त्याला काहीतरी सांग," म्हणाली. गाडी विकून टाक असं मी सांगावं ही तिची इच्छा. ते मी सांगणार नाही. शेंद्र्यात २००१ साली ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली तेव्हापासून या शहराचा त्या गाडीवर जीव आहे. त्यात तुझी २००४ची व्हीआरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएसची. विकून आणणार काय?

आता तू नवा ईसीयू बसवलास, तीन तोंडांचा बूस्ट सोलेनॉइड मागवलास आणि स्वतःच ट्यूनिंग करणार म्हणतोस. कर. फक्त एक समजून घे. वेस्टगेटची स्प्रिंग ठरलेल्या दाबाला हार मानते आणि झडप उघडते. सोलेनॉइड अ‍ॅक्च्युएटरच्या नळीतली थोडी हवा बाहेर सोडतो, अ‍ॅक्च्युएटरला वाटतं दाब अजून कमीच आहे, झडप मिटलेली राहते आणि बूस्ट वाढतं. म्हणजे तू वेस्टगेटशी खोटं बोलणार आहेस. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते आधी पाठ असावं लागतं.

१. सोलेनॉइड पाकिटातच राहू दे आणि कॉम्प्रेसरकडची नळी सरळ अ‍ॅक्च्युएटरला जोडून गाडी चालव – येईल तो आकडा तुझ्या स्प्रिंगचा, आणि त्याच्या खाली तुला जगातला कुठलाच ईसीयू नेऊ शकत नाही.

२. तो आकडा वहीत लिही – डोक्यात ठेवलास तर दर दिवाळीला तो थोडा वाढतो.

३. स्प्रिंगच्या दुपटीपलीकडे बूस्ट हवं असेल तर आधी कडक स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर घे – मऊ स्प्रिंगला एक्झॉस्टचा दाबच मागे ढकलून झडप उघडतो, आणि तू बसतोस सोलेनॉइडची ड्यूटी वाढवत.

४. अ‍ॅक्च्युएटरचा दांडा एक-दोन मिलिमीटर ओढूनच पिनेवर चढव – आपसूक बसला तर झडप पुरती मिटत नाही. पण दांडा आवळून आवळून बूस्ट वाढवण्याचा जुगाड नको, त्यानं झडपेची चालच कमी होते आणि वरच्या आरपीएमला बूस्ट हाताबाहेर चढतं.

५. इनटेकला टोपण लावून हवा भर आणि साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपास – पाणचक्कीला पाणी डोंगरातून खापराच्या नळांतून यायचं. मधला नळ फुटल्यावर चक्कीच्या पात्यांना तेल लावून काय होणार?

६. हे करताना रेग्युलेटर १ बारवर ठेव आणि ब्रीदरची नळी बंद कर – नाहीतर तोच दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर काढतो. का माहीत आहे ते मामीला विचार, तिनं अंगण धुतलंय.

७. बुडबुडा दिसला की तिथेच थांब, पुढचं काही करू नकोस. आधी गळती, मग भरती.

८. अ‍ॅक्च्युएटरची नळी आखूड, जाड भिंतीची आणि दोन्ही टोकांना क्लिप मारलेली हवी – ही एक नळी निसटली तर वेस्टगेटला दाब कळतच नाही, आणि बूस्टला वर थांबवणारं कुणी उरत नाही. बूस्ट वाढवायला वीज लागते, सांभाळायला नळी.

९. त्याच नळीला टी लावून गेज, डायव्हर्टर व्हॉल्व्ह असली बिऱ्हाडं जोडू नकोस – प्रत्येक फाट्यानं दाब पोहोचायला उशीर होतो, आणि तो उशीर तुला आलेखावर बूस्टच्या सुळक्यासारखा दिसतो.

१०. सोलेनॉइडच्या तोंडात फुंकर मारून बघ, वीज नसताना कॉम्प्रेसरकडून अ‍ॅक्च्युएटरकडे वाट मोकळी असली पाहिजे – म्हणजे फ्यूज उडाला, वायर तुटली, उंदरानं कुरतडली, तरी गाडी स्प्रिंगच्या दाबावर घरी येते. उलटं जोडलंस तर फ्यूज उडाल्याच्या दिवशीच सगळ्यात जास्त बूस्ट मिळेल.

या दहाव्या मुद्द्यासाठी मी अख्खा रविवार द्यायला तयार आहे, भाचेबुवा. बाकी सगळं लॅपटॉपवर दुरुस्त होतं. हे होत नाही.

११. सोलेनॉइड बॉडीवर बसव, इंजिनवर नको आणि एक्झॉस्टजवळ तर नकोच – वायंडिंग तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आणि सकाळी बसवलेलं ट्यूनिंग दुपारी वेगळं वागतं.

१२. हवा सोडायचं तोंड उघडं ठेवू नकोस, छोटा फिल्टर लाव किंवा टर्बोच्या आधीच्या पाइपात परत सोड – कंपनीनंही एन७५ व्हॉल्व्हची हवा तिथेच सोडली होती. वाळूजच्या रस्त्यांची धूळ सोलेनॉइडच्या बारीक वाटेत गेली की तो अडकून बसतो.

१३. एका वायरला फ्यूजमधून चावीचे १२ व्होल्ट, दुसरी ईसीयूच्या बूस्ट आउटपुटवर, ग्राउंड तिथूनच ईसीयू देतो आणि तोडतो. ईसीयूच्या आत डायोड नसेल तर बाहेरून लाव – कॉइल बंद होताना मारते तो उलटा झटका ईसीयूच्या ट्रान्झिस्टरला झेपत नाही.

१४. फ्रिक्वेन्सी सोलेनॉइडच्या माहितीपत्रकात बघ, नसेल तर ३० हर्ट्झच्या आसपास सुरू कर – फार कमी ठेवली तर दाब हेलकावे खातो, फार जास्त ठेवली तर आतला खटका उघडायच्या आधीच मिटतो.

१५. इंजिन बंद ठेवून ५० टक्के ड्यूटी दे आणि कान लाव – टकटक ऐकू आली नाही तर आज गाडी काढायची नाही.

आता लॅपटॉप उघड. चहा बाजूला ठेव, कीबोर्डपासून लांब.

१६. मूळ फाइल आधी दोन ठिकाणी जपून ठेव आणि नव्या प्रत्येक फाइलला तारखेचं नाव दे – 'फायनल', 'फायनल नवी', 'एकदम फायनल' यातली बरी चालणारी कोणती ते पंधरवड्यानं तुलाच कळत नाही.

१७. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप सेन्सरनं साधारण ९५ किलोपास्कल दाखवलं पाहिजे – आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. १०१ दिसलं तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय, मग त्यावर बांधलेलं सगळंच चुकणार.

१८. गेजवरचं बूस्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट दाब यांची गल्लत करू नकोस – इथे १ बार बूस्ट म्हणजे सुमारे १९५ किलोपास्कल, मुंबईत तेच सुमारे २०१. अ‍ॅब्सोल्यूटवर टार्गेट बांधलंस की मुंबईला गेल्यावर गेज किंचित कमी दाखवेल. लगेच पाना काढू नकोस, गाडी बरोबर आहे.

१९. पहिल्या फेरीच्या आधी फ्युएल कट बसव, टार्गेट ०.७ बार असेल तर ०.९ वर – नळी निसटली तर तुझ्या पायापेक्षा ईसीयू लवकर जागा होतो.

२०. कट खरंच चालतो का ते स्प्रिंगच्या दाबावरच तपास, मर्यादा मुद्दाम स्प्रिंगच्या खाली आणून – न तपासलेला कट आणि नसलेला कट, दोन्ही सारखेच.

२१. वाइडबँड सेन्सर असल्याशिवाय बूस्टला हात लावू नकोस. बूस्टच्या आधी पेट्रोल – भरल्या बूस्टवर लॅम्डा ०.८०-०.८५ च्या पट्ट्यात राहू दे, इंजेक्टरची ड्यूटी ८५ टक्क्यांपलीकडे जात असेल तर तुझ्या इंजिनाचं आजचं टार्गेट तिथेच संपलं.

२२. हिशोब एअर-फ्युएल रेशोत नको, लॅम्डात कर – पंपावर आता ई२० मिळतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ लागतं तर याला साडेतेराच्या जवळपास. रेशोचा जुना आकडा धरलास तर लीन कधी झालास ते कळणार नाही. आणि हो, तुझ्या गाडीच्या जन्मावेळी ई२० नव्हतं. पेट्रोलचे जुने रबरी पाइप हातानं दाबून बघ, चिकट किंवा तडकलेले असतील तर आधी ते बदल.

२३. प्लगचा गॅप थोडा कमी कर, ०.७ मिलिमीटरच्या आसपास – दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं, आणि ती फुंकल्यासारखी विझली की आपण उगाच सोलेनॉइडला शिव्या देतो.

२४. ड्यूटी शून्यापासून चढव, पाच-पाच टक्क्यांनी, आणि प्रत्येक पायरीचा लॉग ठेव – सुरुवातीला काहीच होत नाही, मग अचानक होतं. ज्याचा लॉग नाही, त्याचा राग इंजिनवर.

२५. चाचणी नेहमी एकाच गिअरमध्ये, शक्यतो तिसऱ्यात, आणि शेवटी चौथ्यात खात्री – वरच्या गिअरला इंजिनावर भार जास्त वेळ राहतो, टर्बोला फिरायला वेळ मिळतो, म्हणून दुसऱ्यात शहाणं वागणारं बूस्ट चौथ्यात उसळतं.

२६. टेबलात थ्रॉटलचाही हिशोब धर, अर्ध्या थ्रॉटलला अर्धंच बूस्ट – नाहीतर जालना रोडवर सिग्नल सुटल्यावर पाय जरा टेकवलास की गाडी पुढच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर.

२७. तुझा टर्बो के०३ आहे, लहानगा. त्याच्याकडून ६००० आरपीएमला १ बार मागू नकोस, टार्गेट वरच्या आरपीएमला उतरतं ठेव – तिथे तो हवा दाबण्यापेक्षा तापवतोच जास्त. बूस्टचा आकडा मित्रांना, गॅस्केटचं बिल आपल्याला.

२८. ओपन लूपमध्ये आलेख सरळ बसेपर्यंत पीआयडी चालू करू नकोस – पीआयडीनं चार-पाच टक्के इकडेतिकडे करावं एवढीच त्याची नोकरी. मूळ टेबल चुकीचं असेल तर तो दिवसभर चुकीचीच भरपाई करत राहतो.

२९. मग आधी पी वाढव, बूस्ट हिंदकळायला लागलं की थोडा मागे ये. नंतर आय अगदी थोडा, डी लागलाच तर. टार्गेटच्या २०-३० किलोपास्कल जवळ आल्यावरच पीआयडी जागा व्हावा अशी सोय ठेव – टर्बो फिरत असताना आय आपलं देणं साठवत जातो आणि टार्गेट आल्यावर सगळं एकदम वसूल करतो.

३०. एका वेळी एकच गोष्ट बदल. एका वेळी एक पाना, नाहीतर रात्रभर ठणाणा.

३१. गाडीत दोघं हवेत, चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा आणि शेजारच्यानं लॅपटॉप – लॅम्डा आणि म्हैस, दोन्हीकडे एकच माणूस बघू शकत नाही. शेजारच्याला 'सोड' म्हणायचा अधिकार, आणि 'का?' हा प्रश्न पाय उचलल्यावर.

३२. सावंगीवरून समृद्धीवर चढायचं आणि मोकळ्या रस्त्यावर पाचवा गिअर तपासायचा, हे मनातून काढ – तिथे १२० ची मर्यादा आहे, आणि तुला हवा तो भार रोलर डायनोवर एका जागी उभ्यानं मिळतो. डायनोचं भाडं जास्त वाटलं तर ट्रॉलीचं भाडं विचारून ये.

३३. हेड बोल्ट, क्लच आणि ब्रेक यांची चौकशी बूस्टच्या आधी कर. याचं कारण लिहायला लावू नकोस.

३४. इनटेकची हवा ६० अंशांपलीकडे गेली की बूस्ट आपोआप उतरेल आणि इग्निशन मागे येईल अशी सोय ठेव – मे महिन्यात इथे बाहेरच चाळिशीच्या वर असतं, क्रांती चौकात दहा मिनिटं उभं राहिल्यावर इंटरकूलरकडून काय अपेक्षा ठेवणार? नॉक ऐकेल तो पिस्टन राखेल.

३५. मे महिन्यात बसवलेलं टेबल डिसेंबरच्या पहाटे पुन्हा तपास – थंड हवा दाट असते, तीच ड्यूटी जास्त बूस्ट देते.

३६. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, आणखी काही किलोमीटर हळू चाल. आणि चाळीसगावकडून औट्रम घाट चढून आलास की शेवटचा टप्पा पाय हलका ठेवून ये, थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू राहू दे – लालभडक टर्बोतलं तेल थांबलं की तिथेच जळून त्याचा कोळसा होतो, आणि बेअरिंगची वाट बंद.

३७. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाच आणि विमा कंपनीला बदल लेखी कळव – तुझ्या गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटली, आरसीच्या नूतनीकरणाला तुला आरटीओत फिटनेससाठी उभं राहायचंच आहे. अपघातानंतर सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा आपल्याकडे सांगायला कागद असावा, गोष्ट नव्हे.

३८. महिन्यातून एकदा सोलेनॉइडचं कनेक्टर काढून चालव आणि वहीतल्या स्प्रिंगच्या आकड्याशी ताळा कर – फरक आला तर नळी, झडप किंवा स्प्रिंग यांपैकी काहीतरी बिघडायला लागलंय, आणि ते तुला टेबलात हात घालायच्या आधी कळलं.

तेव्हा सोलेनॉइडचं पार्सल आलं तरी या रविवारी ते उघडू नकोस. नळी सरळ जोड, एक फेरी मार आणि स्प्रिंगचा आकडा मला कळव. त्यापुढचं आपण फोनवर बोलू.