वासरांची उपासमार आणि बैलांचीं हाडें

खांदा, शिंगें व चाल पाहून बैलाचा भाव ठरविण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु हें सर्व ज्यांवर उभें असतें त्या हाडांचा विचार कोणी करीत नाहीं; आणि तो करावयाचा तर बाजारांत नव्हे, गोठ्यांत, वासरूं दूध पीत असतांनाच केला पाहिजे.

हाड म्हणजे नत्रयुक्त द्रव्याची चिवट जाळी व तींत बसलेले चुना आणि स्फुरद यांचे क्षार होत. कोरड्या हाडाच्या वजनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग क्षारांचा असतो. वाढत्या जनावराच्या लांब हाडाच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो. लांबी तेथेंच वाढते, आणि मागून क्षार बसून त्या कूर्चेचें हाड बनतें. क्षार मिळाले नाहींत तर कूर्चा मऊच राहून जाड होते, सांधे सुजल्यासारखे दिसतात व अंगाच्या भारानें पाय वांकतात. मुलांचा मुडदूस तो हाच. पण पोटभर अन्नच न मिळाल्यास प्रकार निराळा होतो. मूळ जाळीच थोडी विणली जाते, नळीची भिंत पातळ राहते. असें हाड वरून सरळ दिसतें आणि ऐन कामाच्या वेळीं मोडतें. हा दुसरा प्रकार मला अधिक फसवा वाटतो.

याचा अनुभव मीं पदरचे पैसे घालून घेतला आहे. नोकरींत असतां दूध डेअरीस घालावें म्हणून घरच्या गोऱ्ह्यासाठीं एकच सड, तोही अर्धामुर्धा, ठेवीत असूं. पुढें कोरडा कडबा आणि अंधारा गोठा. मोठेपणीं तो दिसण्यांत बरा निघाला. परंतु पांचव्या वर्षीं काळ्या रानांतील भेगेंत पाय जाऊन पुढची नळी मोडली. त्याच भेगेंत जोडीदाराचाही पाय गेला होता. त्यास कांहीं झालें नाहीं. दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे मीं जन्मभर लिहिले. वांचविलेल्या दुधाचा हिशेब नव्या बैलाच्या किंमतीशेजारीं मांडला, तेव्हां कागद मिटून ठेविला.

वासरास आरंभीं वजनाच्या सुमारें एकदशांश दूध रोज मिळावें; पंचवीस किलोच्या वासरास अडीच किलो. पुढें चाऱ्याची निवड महत्त्वाची. कडबा, पेंढा व वाळलेलें गवत यांत स्फुरद थोडा. पेंड व कोंडा यांत तो पुष्कळ, पण चुना कमी. लसूणघासांत चुना भरपूर. म्हणून केवळ कडब्यावरील वासरास चुन्याची निवळी पाजून भागत नाहीं, ही चूक अनेक शेतकरी बंधु करितात. दोन्ही क्षार अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व लागतें व तें कातडीवर ऊन पडल्यानें तयार होतें. त्यास खर्च नाहीं.

गुरें चिंध्या, चामडें वा हाडें चघळूं लागलीं तर ती केवळ खोड समजूं नये. दक्षिण आफ्रिकेंत आर्नल्ड थाइलर या पशुवैद्यानें १९२० च्या सुमारास दाखविलें कीं, स्फुरद कमी असलेल्या कुरणांतील गुरें याच भुकेनें सडकीं हाडें चघळून विषबाधेनें मरत. त्यानें हाडांचा चुरा चारला. आज रोगभयास्तव तो देऊं नये, पशुवैद्यास विचारून खनिज मिश्रण द्यावें.

वांकूं लागलेला पाय लवकर खुराक व ऊन मिळाल्यास बराच सुधारतो. मात्र सुमारें चौथ्या वर्षापर्यंत टोकांची कूर्चा संपून वाढ थांबते. त्यानंतर राहिलेला बाक कोणत्याही खुराकानें निघत नाहीं.