संगणकाला शिकवताना चिठ्ठी का टाकतात?

कापडातील दोष ओळखणारे, मालाची प्रत लावणारे कॅमेरे आता बाजारात मिळतात. त्यांच्या आत बहुधा ‘न्यूरल नेटवर्क’ असते. असे यंत्र घेण्यापूर्वी ते कसे शिकते हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे फायद्याचे आहे. या शिक्षणात चार ठिकाणी चिठ्ठी टाकली जाते.

१) सुरुवात : या जाळ्यात पेशींचे थर असतात व पेशींना जोडणारे हजारो आकडे असतात. सुरुवातीला सर्वांना एकच आकडा दिला, तर एका थरातील सर्व पेशी एकच गोष्ट शिकतात. दहा कारागीर ठेवावेत आणि दहाही जणांनी फक्त काजेच करावीत, तसे हे होते. म्हणून पहिले आकडे लहान व वेगवेगळे, चिठ्ठी टाकल्यासारखे घेतात.

२) क्रम : समजा, चांगल्या कापडाचे ८०० फोटो आधी आणि दोषी कापडाचे २०० फोटो नंतर दाखवले. शेवटी सतत दोषच पाहिल्याने यंत्र चांगल्या मालालाही दोषी म्हणू लागते. म्हणून प्रत्येक फेरीला फोटो मिसळून घेतात.

३) सुट्टी : टोरंटो विद्यापीठाचे जेफ्री हिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘ड्रॉपआउट’ ही रीत मांडली. शिकवताना दर खेपेस काही थरांतील निम्म्या पेशी चिठ्ठीने बंद ठेवतात. त्यामुळे कोणतीही पेशी शेजारणीच्या भरवशावर राहत नाही. प्रत्यक्ष कामाच्या वेळी मात्र सर्व पेशी हजर असतात. बँकेतील कारकून वारंवार बदललेले पाहून आपल्याला ही कल्पना सुचल्याचे हिंटन सांगतात. माणसे बदलत राहिली की संगनमत जमत नाही! हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

४) परीक्षा : काही माल आधीच चिठ्ठीने बाजूला ठेवून त्यावरच यंत्राची परीक्षा घेतात. येथे गफलत होते. एकाच थानाचे काही फोटो शिकवणीत व काही परीक्षेत गेले, तर पाठ केलेल्या उत्तरालाच गुण मिळतात. चिठ्ठी फोटोंची नव्हे, थानांची टाकावी.

तेव्हा विक्रेत्याने ‘शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर’ असे सांगितले, तर दोन प्रश्न जरूर विचारा : परीक्षेचा माल वेगळ्या थानांचा होता का? नव्या चिठ्ठ्या टाकून पुन्हा शिकवले, तर गुण तेवढेच येतात का? आणि पैसे मोजण्यापूर्वी आपल्याच दुकानातील चार थाने यंत्राखाली धरून पाहा.