हरलेल्या सामन्याचा हिशेब

पाळी, डिचोली
रविवार

चि. बाय,

बास्केटबॉलचा उपांत्य सामना दोन गुणांनी गेला, शेवटच्या मिनिटातले दोन्ही फ्री थ्रो तुझ्या हातून हुकले आणि तेव्हापासून वर्गात, कँटीनमध्ये, मोबाइलवरच्या ग्रुपवर सगळे तुझ्याच नावाने खडे फोडताहेत, हे तुझ्या आईने सांगितलं. तू कर्णधारपद सोडायचं म्हणतेस, तेही कळलं. फोनवर तू एवढंच विचारलंस, "मामा, माझ्यामुळेच हरलो ना आम्ही?" असल्या प्रश्नाला घाईघाईत उत्तर देऊ नये, म्हणून हे पत्र. नीट वाच आणि काय तो निर्णय मग घे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या पराभवात तुझा वाटा आहे आणि तो तू मान्य करायलाच हवा. पण आपल्या वाट्याला येतं तेवढंच घे. अख्ख्या संघाचा पराभव एकटीच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस.

तुझा वाटा का, ते पहिल्यांदा. फुटबॉल आणि क्रिकेटमध्ये अकरा-अकरा जण असतात, बास्केटबॉलच्या कोर्टवर पाचच. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तू जवळजवळ पूर्ण वेळ खेळतेस. चढाई तुझ्यापासून सुरू होते आणि अडलं की चेंडू तुझ्याकडेच येतो. एकाच खेळाडूवर इतकं अवलंबून असलेला दुसरा सांघिक खेळ क्वचितच सापडेल. साखळीतले सामने तुम्ही जिंकत होता तेव्हा सगळीकडे नाव तुझंच होत होतं, आणि बाकीच्या चौघी कुठे आहेत असं आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. मग हरल्यावर लोकांची नजर आधी तुझ्याकडे वळली, तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही. हारतुरे घेणाऱ्याने चार बोल ऐकायची तयारी ठेवावी.

मोठे खेळाडूही खरोखरच कमी पडतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या 2011 च्या अंतिम मालिकेत लेब्रॉन जेम्सचा मायामी हीट संघ डॅलस मॅव्हरिक्सकडून 4-2 असा हरला. त्या मालिकेत लेब्रॉनची सरासरी 17.8 गुणांची होती, मोसमातल्या त्याच्या सरासरीपेक्षा खूपच खाली. चौथ्या सामन्यात तर त्याने अवघे 8 गुण केले. त्याच्यावर टीका झाली आणि ती बरीचशी खरी होती. पुढे त्याने काय केलं ते महत्त्वाचं. त्याच उन्हाळ्यात तो हकीम ओलाजुवॉन या जुन्या नामवंत खेळाडूकडे गेला आणि बास्केटजवळ पाठ करून खेळण्याचे डावपेच शिकला. 2012 ला मायामी विजेता ठरला आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू लेब्रॉनच होता. आपल्या वाट्याचा दोष ओळखून त्यावर कामाला लागणं ते हे.

आता दुसरी बाजू बघ. 20 एप्रिल 1986 ला मायकल जॉर्डनने बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध बाद फेरीच्या एका सामन्यात 63 गुण केले. एनबीएच्या बाद फेरीतला तो आजही विक्रम आहे. आणि त्याचा शिकागो बुल्स संघ तो सामना हरला, दोनदा ज्यादा वेळ खेळून, 135-131. मालिकाही 3-0 ने गेली. 63 गुण करणाऱ्याला कुठल्या तोंडाने दोष देणार? पुढे 1988, 1989 आणि 1990 अशी ओळीने तीन वर्षं डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना बाहेर काढलं. जॉर्डन एकटाच चमकतो, संघाला जिंकवू शकत नाही, असं लोक उघड म्हणत. 1991 ला त्याच पिस्टन्सना बुल्सनी 4-0 ने धुतलं आणि पहिलं विजेतेपद मिळवलं. जॉर्डन तोच होता. मधल्या काळात फिल जॅक्सन प्रशिक्षक म्हणून आला, चेंडू पाचही जणांत फिरू लागला आणि त्याच्या जोडीला स्कॉटी पिपेन तयार झाला. गाव करील ते राव काय करील, हे तिथेही खरं ठरलं.

साखळीत चालणारा खेळाडू बाद फेरीत अडतो, याचं कारण पुष्कळदा साधं असतं. समोरचा संघ त्याच्यासाठीच तयारी करून येतो. तुझ्यावर त्या दिवशी दोघी-दोघी होत्या ना? मग पलीकडे कुणीतरी मोकळी असणारच. तिच्यापर्यंत चेंडू पोचवणं तुझं काम आणि तो बास्केटमध्ये घालणं तिचं.

आईने पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. तुझे दोन्ही फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत आले. नेम सरळ होता, चेंडू आखूड पडला. फ्री थ्रोला जोर हातापेक्षा गुडघ्यातून येतो. पाय थकले की गुडघा पुरेसा वाकत नाही आणि चेंडू आखूड पडतो. तुझे पाय का थकले होते? कारण चौथ्या क्वार्टरमध्ये तुला एकदाही बाकावर बसवलं नाही. बसवलं नाही, कारण तुझ्या जागी उतरायला मुलगी तयार केलेली नव्हती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुमच्या बास्केटखाली एकामागून एक रिबाउंड त्यांच्या हाती गेले, तेव्हा तू वर चेंडूमागे धावत होतीस. त्या दोन गुणांचा हिशेब मांडायचा तर तो शेवटच्या मिनिटात सुरू होत नाही. पण पाहणाऱ्याला शेवटचंच आठवतं. देवळासमोरचं नाटक पडलं की लोक प्रमुख नटाला नावं ठेवतात, पडद्यामागे किती जण चुकले ते कुणाला दिसत नाही. तसंच हे.

हे बास्केटबॉलपुरतं नाही. 2003 च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने 673 धावा केल्या आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात तो ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राच्या पहिल्याच षटकात 4 धावांवर बाद झाला, आणि कित्येकांनी सामन्याचा निकाल तिथेच लावून टाकला. पण त्याआधी ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 धावा कुटल्या होत्या. त्या सचिनने दिल्या होत्या का? सामना 125 धावांनी गेला. आणि मुळात अंतिम फेरीपर्यंत संघ पोचला त्यात त्याच्या धावांचा हात किती मोठा होता!

सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या फातोर्ड्याचं. 20 डिसेंबर 2015, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. आपला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी. त्याने चेन्नईयनच्या मेंडोझाची पेनल्टी अडवली होती. 87 व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने गोल केला आणि गोवा 2-1 ने पुढे गेला. मग नियमित वेळ संपता संपता स्वयंगोल झाला, तो कट्टीमनीच्या नावावर लागला. भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल मारला आणि हाती आलेला चषक आपल्याच मैदानावरून चेन्नईला गेला. अडवलेली पेनल्टी लोक विसरले. जो तो त्या एका स्वयंगोलाबद्दलच बोलत होता. आघाडी मिळाल्यावर शेवटची चार-पाच मिनिटं अख्ख्या संघाला चेंडू राखता आला नाही, त्याची चर्चा कुणी केली नाही.

कट्टीमनी खेळत राहिला. 20 मार्च 2022 ला त्याच फातोर्ड्याच्या मैदानावर पुन्हा त्याच लीगचा अंतिम सामना झाला. आता तो हैदराबाद एफसीच्या गोलात होता, समोर केरला ब्लास्टर्स. सामना 1-1 राहिला आणि निकाल पेनल्टींवर आला. कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद 3-1 ने जिंकून पहिल्यांदा विजेता झाला. पेपरात त्याचेच फोटो, आणि ते योग्यच होतं. पण ध्यानात ठेव, 88 व्या मिनिटाला आपल्याच गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरीचा गोल केला नसता तर त्या पेनल्टी झाल्याच नसत्या. पहिल्या रात्रीचा पराभव त्याच्या एकट्याचा नव्हता आणि दुसऱ्या रात्रीचा विजयही नव्हता. पहिल्या रात्रीनंतर तो मैदान सोडून गेला असता, तर दुसरी रात्र त्याच्या वाट्याला आली नसती.

आता तू काय करायचं ते सांगतो.

पहिलं, प्रशिक्षकांकडून स्कोअरशीट मागून घे आणि चारही क्वार्टर शांतपणे वाच. तुझे हुकलेले फटके, तुझ्या हातून गेलेले चेंडू वेगळे मांड. तेवढे तुझे. त्यावर वाद घालू नकोस, सबबी सांगू नकोस.

दुसरं, फ्री थ्रोचा सराव सुरुवातीला, ताज्या पायांनी करू नकोस. पळून झाल्यावर, धाप लागलेली असताना कर. सामन्यात ते तसेच मारावे लागतात.

तिसरं, कुणी विचारलं तर सरळ सांग, "ते दोन मी घालायला हवे होते." एवढं म्हण आणि थांब. रिबाउंड कुणाचे सुटले, बाकावर कोण बसलं होतं, हे बाहेर बोलू नकोस. ते संघाच्या बैठकीत, प्रशिक्षकांसमोर, नाव न घेता बोल. बाहेर कुणी तुझ्या मैत्रिणींपैकी एकीवर खापर फोडू लागलं तर तिची बाजू तू घ्यायचीस. तो कर्णधाराचा धर्म.

चौथं, बाकीच्यांवर भरवसा ठेवायला शिक. 1997 च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत दोघे जण जॉर्डनवर धावून आले. त्याने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या स्टीव्ह करला दिला, करने तो घातला आणि बुल्स पुन्हा विजेते झाले. जगातला सर्वोत्तम खेळाडू त्या क्षणी दुसऱ्यावर विसंबला. पण सरावात वर्षभर चेंडू न मिळालेली मुलगी ऐन वेळी तो कसा घालेल? तिला आतापासून दे.

आणि शेवटचं, कर्णधारपद सोडू नकोस. तुझ्यापेक्षा लायक मुलगी आहे असं वाटत असेल तर खुशाल दे, मी स्वतः तुझी पाठ थोपटीन. पण लोकांच्या बोलण्यामुळे सोडलंस, तर पुढच्या वेळी ज्या मुलीचा फटका हुकेल तिने कुणाकडे पाहायचं? एकदा हुकलं की सरळ घरी जायचं, हेच ती तुझ्याकडून शिकेल. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला येणारा कर्णधार तुमच्या संघाला हवा आहे, आणि ते तुला जमेल याबद्दल मला शंका नाही.

उद्या सरावाला जा. स्कोअरशीट वाचून झालं की मला फोन कर, आपण मिळून पाहू.

तुझा,
मामा