मोबाईलचे रूटिंग : एका कळीची रीत आणि स्वहस्ते करण्याची रीत

सुट्टी संपवून वसतिगृहात परतलेल्या मुलांपैकी कोणी ना कोणी दरवर्षी विचारतोच, "सर, घरच्या जुन्या मोबाईलचे रूटिंग करू का?" स्नेहमेळाव्याला येणारे माजी विद्यार्थीही हाच प्रश्न घेऊन येतात. फोन मंदावलेला असतो, कंपनीने नवी आवृत्ती देणे थांबवलेले असते आणि नवा फोन घेणे प्रत्येक घराला परवडतेच असे नाही. म्हणून हा प्रश्न आम्ही कधी उडवून लावला नाही. त्याचे उत्तर येथे क्रमाने मांडत आहोत.

रूटिंग म्हणजे काय?

अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे. लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो आणि त्याचा क्रमांक ० असतो. त्याला फोनमधील कोणतीही फाइल वाचता, बदलता किंवा पुसता येते. फोन विकत घेणाऱ्यास मात्र हा अधिकार दिलेला नसतो. प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत राहते, शेजारच्या खोलीत त्याला डोकावता येत नाही. वसतिगृहात सर्व खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा अधीक्षकांकडे असतो. रूटिंग म्हणजे तो जुडगा आपल्या हाती घेणे.

तो खरोखर हवा आहे का, हे आधी तपासावे. कंपनीने आधीच भरलेली नकोशी ॲप बरेचदा सेटिंग्जमधूनच निष्क्रिय करता येतात. जुन्या फोनवर लीनेज ओएससारखी नवी प्रणाली बसवायची असेल, तर बूटलोडर उघडावा लागतो, पण रूटची गरज नसते. आमच्याकडे आलेल्या कित्येकांचे काम एवढ्यावरच भागले.

एका कळीची रीत

या रीतीत एक ॲप उतरवून घ्यायचे आणि कळ दाबायची. ती कशी चालते, हे 'टॉवेलरूट'च्या उदाहरणावरून समजेल. जॉर्ज हॉट्झ यांनी २०१४ च्या जूनमध्ये ते प्रसिद्ध केले. लिनक्सच्या गाभ्यात त्या सुमारास उघडकीस आलेल्या एका दोषातून ते आत शिरत असे. तो दोष दुरुस्त झालेला गाभा ज्या फोनांत पोहोचला, त्यांवर टॉवेलरूट निरुपयोगी ठरले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशी कळ चालते ती भिंतीला भगदाड असते म्हणूनच. आपल्या फोनवर ती चालली, तर त्याच भगदाडातून दुसऱ्यालाही आत येता येते. शिवाय जुडगा प्रथम पडतो तो त्या ॲपच्या हाती, आपल्या नव्हे. त्या ॲपचा स्रोत उघड नसेल, तर त्याने आत काय केले हे कळण्यास मार्ग नाही.

हा धडा आम्ही चटका बसूनच शिकलो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या फोनवर आम्ही अशी कळ दाबली. दोन मिनिटांत काम झाले. आठवड्याभरात पडद्यावर जाहिराती येऊ लागल्या आणि न मागितलेली ॲप आपोआप उतरू लागली. फॅक्टरी रीसेट करूनही ती हटली नाहीत, कारण ती प्रणालीच्या विभागात जाऊन बसली होती आणि रीसेटने तो विभाग पुसला जात नाही. अखेर संगणकाला जोडून कंपनीची मूळ प्रणाली नव्याने लिहावी लागली. जी मेहनत टाळण्यासाठी कळ दाबली, तीच शेवटी करावी लागली!

स्वहस्ते करण्याची रीत

हिची पहिली पायरी म्हणजे फोनच्या माहितीतील 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडणे. तेथे बूटलोडर उघडण्याची परवानगी नसेल, तर तिथेच थांबावे. परवानगी असल्यास तो उघडताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही योजना हेतुपूर्वक आहे, कारण चोराने बूटलोडर उघडला तरी आपली छायाचित्रे त्याला मिळू नयेत. म्हणून आधी सर्व माहितीची प्रत काढावी.

पुढे आपल्याच मॉडेलची, त्याच बिल्ड क्रमांकाची मूळ प्रणाली मिळवून तिच्यातील बूट प्रतिमा वेगळी काढावी. 'मॅजिस्क' हे ॲप त्या प्रतिमेत आवश्यक बदल करते, आणि बदललेली प्रतिमा संगणकावरून 'फास्टबूट'ने फोनमध्ये लिहिली जाते. सॅमसंगच्या फोनांसाठी साधन वेगळे असते. जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेल्या मॅजिस्कचा स्रोत सर्वांस खुला आहे. ते प्रणालीच्या विभागाला हात लावत नाही. त्यामुळे फोन सुरू होताना अडकून पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागला, तरी जपून ठेवलेली मूळ प्रतिमा परत लिहिली की बहुधा तो ताळ्यावर येतो. या रीतीला एखादी संध्याकाळ लागते, पण प्रत्येक पायरीवर आपण काय केले आणि मागे कसे फिरायचे, हे आपल्याला ठाऊक असते.

दोन्ही रीतींची किंमत

काही किंमत कोणत्याही रीतीत मोजावीच लागते. बँकेची आणि पैसे देण्याघेण्याची अनेक ॲप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. वॉरंटी नाकारली जाऊ शकते. सॅमसंगच्या अनेक फोनांत अनधिकृत प्रणाली लिहिताच 'नॉक्स'ची खूण कायमची बदलते. मूळ प्रणाली परत घातली, तरी ती पूर्ववत होत नाही.

मग निवड कशी करावी?

ज्या फोनवर घरचा बँक व्यवहार चालतो, त्यावर कोणतीच रीत वापरू नये. तो फोन आईवडिलांचा असेल, तर त्यांच्या संमतीवाचून डेव्हलपर पर्यायही उघडू नयेत. कपाटात पडून असलेला, सिम नसलेला फोन मात्र शिकण्यास उत्तम. त्यावर स्वहस्ते करण्याचीच रीत निवडावी. एका कळीच्या रीतीची शिफारस आम्ही कोणालाही करत नाही.

पालकहो, मुलाने हा प्रश्न विचारला तर रागावू नका. यंत्राच्या आत काय चालते हे जाणण्याची इच्छा चांगलीच आहे. त्याला जुना फोन द्या, शेजारी बसा आणि एवढेच विचारा, "बिघडले तर पूर्ववत कसे करशील?" याचे उत्तर तो पायरीपायरीने सांगू शकला, तर जुडगा त्याच्या हाती द्यायला हरकत नाही.