कर्करोगचिकित्सेनंतर कामावर परतताना होणारी चिंता : कर्म-संसर्जनाचा विचार

प्रस्तावना

शल्यकर्म, रसायनचिकित्सा व किरणोपचार पूर्ण होऊन ‘आता तपासणीला तीन महिन्यांनी या’ असे कर्करोगतज्ज्ञांनी सांगितले की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्ण मात्र याच सुमारास आपल्याकडे येऊ लागतो. झोप लागत नाही, भूक मंद आहे, छातीत धडधडते, पोटात गोळा आल्यासारखे वाटते, अशा त्याच्या तक्रारी असतात. थोडे खोलात जाऊन विचारले असता कामावर रुजू होण्याची तारीख जवळ आल्याचे कळते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील नोकरदार रुग्णांत हे चित्र आम्हांस वारंवार दिसते. या अवस्थेत वैद्याने काय पाहावे व काय करावे, याचा विचार येथे मांडीत आहोत.

हा प्रश्न आपल्याच भागापुरता नाही. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००९ साली ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. कर्करोगातून बाहेर पडलेल्यांत काम नसलेल्यांचे प्रमाण ३३.८ टक्के, तर इतरांत ते १५.२ टक्के आढळले. उपचार यशस्वी झाले तरी काम हातचे जाऊ शकते, ही भीती निराधार नाही.

हेतुविचार

या चिंतेस केवळ ‘मनाची दुर्बलता’ म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. उपचारांनी धातुक्षय झालेला असतो, अग्नी विषम असतो आणि क्षयामुळे वायू प्रकुपित होतो. अशा देहात भय व चिंता सहज घर करतात. त्यावर पुढील प्रत्यक्ष कारणांची भर पडते.

१. प्रवास : कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर, तर डोंबिवलीहून सुमारे ४८ किलोमीटर आहे. गर्दीच्या वेळी गाडीत शिरणे निरोगी माणसासही सोपे नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवाशांचे प्राण गेले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. काखेतील ग्रंथी काढलेल्या रुग्णेने त्या हाताने दांडी धरून लोंबकळणे तर सर्वथा अयोग्य होय.

२. स्मृती : १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय परळ येथे, म्हणजे याच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. ज्या गाडीने रुग्ण उपचारांस गेला, त्याच गाडीने त्याला आता कामावर जायचे असते. परळ जवळ येताच मळमळ वा धडधड होणे यात नवल नाही.

३. देहबल : थकवा, हातापायांस मुंग्या, एकाग्रतेचा अभाव, शब्द चटकन न आठवणे ही लक्षणे उपचार संपल्यावरही काही महिने राहू शकतात. मुखकर्करोगाच्या रुग्णास तोंड पुरते उघडत नाही व लाळ कमी सुटते. चारचौघांत डबा खाण्याचा त्यास संकोच वाटतो.

४. लोकव्यवहार : सहकारी काय विचारतील, वरिष्ठ आपल्याला अडगळ मानतील का, बढती हुकेल का, हे प्रश्न असतात. याखेरीज व्याधी उलटण्याचे भय असतेच.

शास्त्रातील आधार

चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात विषादास रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रस्थान दिले आहे. तिस्रैषणीय अध्यायात सत्त्वावजयाचे वर्णन करताना मनास अहितकर विषयांपासून आवरणे हे त्याचे स्वरूप सांगितले आहे. परंतु ‘चिंता करू नका’ एवढे म्हटल्याने सत्त्वावजय होत नाही. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानसदोषांची चिकित्सा आहे. त्यातील धैर्य प्रत्यक्ष अनुभवावाचून येत नाही, आणि तो अनुभव झेपेल अशा मात्रेत देणे हे वैद्याचे काम आहे.

येथे आपणा सर्वांच्या नित्य वापरातील एक सूत्र उपयोगी पडते, ते म्हणजे संसर्जनक्रम. शोधनानंतर अग्नी मंद झालेला असतो. त्यास लगेच पूर्ण आहार देत नाहीत. पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष व मांसरस या क्रमाने, शुद्धी प्रधान, मध्यम वा अवर असेल त्याप्रमाणे प्रत्येक पायरी तीन, दोन वा एक अन्नकाळ देतात. लहान विस्तवावर प्रथम गवत, शेणी व मग लाकूड घालावे, तसे हे आहे. एकदम ओंडका टाकला तर विस्तव विझतो, आणि काहीच न घातले तरीही तो विझतोच. कर्करोगचिकित्सेनंतरचे कर्मबल हेही असेच असते. दीर्घ काळ घरी बसवून ठेवल्याने ते वाढत नाही व पहिल्याच दिवशी आठ तासांचे काम अधिक तीन तासांचा प्रवास लादल्याने टिकत नाही.

दुसरा आधार सिद्धिस्थानातील आठ महादोषकर भावांचा. मोठ्याने बोलणे, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण, अहितभोजन, दिवास्वप्न व मैथुन हे ते आठ होत. पंचकर्मानंतर आपण ते वर्ज्य करण्यास सांगतो. यातील पहिले चार आजच्या नोकरदाराच्या दिनक्रमाशी ताडून पाहावेत. शिक्षिकेस मोठ्याने बोलणे चुकत नाही. रिक्षा व लोकलचे धक्के हा रथक्षोभच होय. पूल व जिने यांत अतिचंक्रमण आहे, तर संगणकापुढील बैठक हे अत्यासन आहे. रुग्णाच्या कामात यांपैकी कोणता भाव प्रबळ आहे हे ठरविले की ‘मला जमेल का’ ही अस्पष्ट भीती नेमक्या व उपाययोग्य प्रश्नांत उतरते.

कर्म-संसर्जनाचा क्रम

आम्ही रुग्णास औषधपत्रासोबत पुढील क्रम लिहून देतो. शरीरबल व कामाचे स्वरूप पाहून प्रत्येक पायरी साधारण एक आठवड्याची धरावी. आरंभापूर्वी कर्करोगतज्ज्ञांची संमती घ्यावी.

पहिली पायरी : घरीच कामाच्या दिवसाच्या वेळेस उठणे, स्नान, न्याहारी व दोन तास टेबलाशी बसून वाचन वा लेखन.
दुसरी पायरी : स्थानकापर्यंत जाऊन परत येणे, मग दुपारच्या कमी गर्दीत दोन-तीन स्थानके प्रवास.
तिसरी पायरी : कामाच्या ठिकाणी केवळ भेटीस जाणे. लोकांचे प्रश्न, चहा व आपुलकी यांना त्या दिवशी सामोरे जावे. काम करू नये.
चौथी पायरी : एकाआड एक दिवस वा अर्धा दिवस काम, शक्य तेथे काही दिवस घरून.
पाचवी पायरी : पूर्ण दिवस, मात्र आठवड्याच्या मध्यापासून आरंभ, म्हणजे पहिला आठवडा लहान होतो.

पायरी पचली की नाही हे कसे ओळखावे? जीर्णाहाराच्या लक्षणांत उद्गारशुद्धी, वेगांची योग्य प्रवृत्ती, लघुता, क्षुधा, तृष्णा यांसह उत्साहाचा उल्लेख आहे. हीच कसोटी येथे लावावी. कालचे श्रम आज सकाळी उत्साह व भूक ठेवून गेले असतील तर पुढे जावे. अंग जड, भूक नाही व मन खिन्न असेल तर एक पायरी मागे यावे. मागे येणे हा पराभव नव्हे, हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस आरंभीच सांगून ठेवावे.

व्यवहारातील साहाय्य

उपनगरी गाडीतील दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णांसही प्रवास करता येतो. ‘मी अपंग दिसत नाही, लोक काय म्हणतील’ या संकोचाने अनेकजण तेथे चढत नाहीत. रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवून निःसंकोच चढावे, असे स्पष्ट सांगावे. औद्योगिक वसाहतीतील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असल्यास, ९१ दिवसांच्या आजारपण लाभानंतर कर्करोगासारख्या दीर्घ व्याधीत पात्रतेनुसार वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. पैशाच्या ओढीने अवेळी कामावर धावणाऱ्यास ही माहिती औषधाइतकीच मोलाची ठरते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून व कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रुग्णांसाठी कार्य करीत आहेत.

वरिष्ठांशी काय बोलावे याची आम्ही रुग्णाकडून उजळणी करून घेतो. ‘साहेब, माझे उपचार पूर्ण झाले आहेत. तीन महिन्यांनी एक दिवस तपासणीस जावे लागेल. पहिले काही आठवडे गर्दी टाळून उशिरा आलो तर काम नीट होईल,’ एवढी तीन वाक्ये पुरतात. सहकाऱ्यांस किती सांगायचे हे रुग्णाने ठरवावे. सर्व काही सांगण्याचे बंधन नाही.

कर्करोगानंतर कामावर परतलेल्यांची उदाहरणे मनास उभारी देतात. अभिनेते शरद पोंक्षे उपचारांनंतर २०१९ मध्ये ‘हिमालयाची सावली’ या नाटकातून रंगभूमीवर परतले. असे दाखले द्यावेत, परंतु ते मोजपट्टी म्हणून वापरू नयेत. प्रत्येकाचा व्याधी, उपचार व काम वेगळे असते.

चिकित्सेतील मर्यादा

रात्री पादाभ्यंग, वेळेवर उष्ण व स्निग्ध लघु आहार, प्राणायामाचा सौम्य अभ्यास हे सहसा निर्धोक उपाय आहेत. ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हातावर मात्र जोराचे मर्दन, अग्निकर्म वा रक्तमोक्षण करू नये. इस्ट्रोजेनग्राही स्तनकर्करोगात शतावरीसारखी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञांस विचारल्यावाचून देऊ नयेत. चालू असलेली टॅमॉक्सिफेनसारखी औषधे बंद करण्यास कदापि सांगू नये व आपण दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद रुग्णाने रुग्णालयात दाखवावी. नवीन वेदना, ज्वर, अकारण वजन घटणे वा नवी गाठ यांस वातप्रकोप समजून दिवस घालवू नयेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच गोडी उरली नसेल वा जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. ठाण्यात १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था कार्यरत आहे. केंद्र शासनाची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली आहे.

उपसंहार

२०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत शारीरिक, मानसिक व व्यवसायविषयक उपाय एकत्र योजले असता कामावर परतणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असा मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. देह, मन व दिनचर्या यांचा एकत्र विचार हा आपल्या शास्त्राचा स्थायीभाव आहे. तेव्हा अशा रुग्णास निद्राकर कल्प लिहून देण्यापूर्वी वैद्यबंधूंनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपले काम नेमके कोणते? तेथे जाता कसे? आणि रुजू केव्हा व्हायचे? त्यांच्या उत्तरांवरून पहिली पायरी ठरवून ती कागदावर लिहून द्यावी. उद्या सकाळी नेमके काय करायचे हे हाती असले की रुग्णाची निम्मी चिंता शमते, असा आमचा अनुभव आहे.