ताट घेऊन कुठं बसशील?

चि. गायत्रीस,


दिल्लीला जाऊन जेएनयू बघून यायचं तुझं ठरलंय, असं ताईनं कळवलं. तिथल्या राजकारणावर टीव्हीनं तुला पुष्कळ पढवलं असेल, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय ते खाण्याबद्दल.

तिथल्या हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत. गोदावरी, मांडवी, पेरियार, लोहित. कोयनाही आहे. आपली कोयना दिसली की पाटीसमोर उभी राहून फोटो काढशीलच. पण आत राहणारी मुलगी मणिपूरची असेल, नाहीतर मलप्पुरमची. तिच्याशी ओळख व्हायची तर ती मेसमध्येच. राजमा-भात बेचव आहे, यावर साऱ्या देशाचं एकमत तिथं होतं आणि मग प्रत्येक जण आपल्या घरी काय शिजतं ते सांगू लागतो. संध्याकाळी गंगा ढाब्यावर चहा घेऊन दगडावर बस. पराठा बरा असतो, गप्पा त्याहून बऱ्या. परदेशी विद्यार्थी तिथं खाद्यमहोत्सवही भरवतात. योग आला तर जरूर बघ, पण ती जत्रा. जत्रेत कुणी कुणाची चौकशी करत नाही.

शेजारच्या मुनिरक्यात ईशान्येकडची बरीच मुलं भाड्यानं राहतात. तिकडे कुणी जेवायला बोलावलं तर आखुनी पानात येईल. आंबवलेल्या सोयाबीनचा हा नागा प्रकार, वास उग्र. नाक मुरडू नकोस. या वासापायी तिथल्या मुलांनी घरमालकांची बोलणी खाल्ली आहेत. 2007 साली तर दिल्ली पोलिसांनी या मुलांसाठी सूचनांची पुस्तिकाच काढली होती आणि आखुनी, बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा, असं तीत बजावलं होतं. चोरीमारीपासून सांभाळा म्हणायचं, त्याच दमात स्वयंपाकही सांभाळा! आपल्याकडं सुकट भाजली की जिन्यात कोण काय बोलतं, ते तू ऐकलेलं आहेस. तेव्हा घास घे, आवडला नाही तर तसं सरळ सांग, पण 'तुम्ही हे कसं खाता?' एवढं मात्र विचारू नकोस. कसं करतात, आई करते की आजी, हे विचार. चिनी म्हणून तर कुणाला चुकूनही हाक मारू नकोस.

एक दुपार आंध्र भवनाच्या कँटीनसाठी राखून ठेव. रांग असते, थाळी पोटभर मिळते. भातावर पोडी, म्हणजे डाळींची कोरडी चटणी, आणि तूप घ्यायला विसरू नकोस. तिखट झेपत नसेल तर पोडी बेतानं.

जाताना कंदी पेढे नेशीलच, पण ठेचाही ने. मेसच्या डाळीला त्याची फार गरज असते. बरणी उघडलीस की टेबलावरचे सगळे आपापले डबे काढतील.

तिथं मराठी मुलंही भेटतील. चांगलीच असतात, त्यांच्याबरोबर एकदा चहा घे. पण रोज ताट घेऊन त्यांच्याच टेबलाकडं जाणार असशील, तर तिकिटाचे पैसे वाचव आणि साताऱ्यातच राहा.

तुझा,
मामा